"तिला रडवा" असं म्हणू नका : सैनिकाच्या घरी बातमी येते तेव्हा



गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो आहे. माझ्या ओपीडीत रोज एक तरी फौजी किंवा फौजीच्या घरचं माणूस असतंच. याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ते ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. अशा मुलखात डॉक्टरला कधी ना कधी त्या घरी जावं लागतं, जिथे नुकतीच बातमी आलेली असते.

अशा घरात पोचलो की दारातच कोणीतरी जाणतं माणूस मला बाजूला घेतं आणि म्हणतं, "डॉक्टर, सून रडतच नाही. नुसती बघत बसलीय. डोक्यावर परिणाम होईल तिच्या. तिला रडवायला पाहिजे, नाहीतर झोपेचं इंजेक्शन तरी द्या."

सांगणाऱ्याच्या पोटात माया असते, यात शंका नाही. पण या वाक्यातले तीनही समज बरोबर नाहीत. न रडल्याने डोक्यावर परिणाम होत नाही, कोणाला मुद्दाम रडवायची गरज नसते आणि झोपेच्या इंजेक्शनाने दुःख हलकं होत नाही. हे असं का, ते आज सविस्तर पाहू. उदाहरणं फौजी घरांची आहेत, पण अपघात किंवा अकाली मृत्यू झालेल्या कोणत्याही घराला हे लागू पडतं.

धक्का बसतो म्हणजे शरीरात काय होतं?

आपल्या भाषेने धक्क्याची लक्षणं फार अचूक टिपून ठेवली आहेत. काळजात धस्स होणं, हातपाय गळणं, वाचा बसणं, पायाखालची जमीन सरकणं, दातखिळी बसणं. यातला एकही वाक्प्रचार नुसता अलंकार नाही.

वाईट बातमी कानावर पडताच मेंदूतली धोक्याची घंटा वाजते. शब्दांचा पूर्ण अर्थ लागायच्या आत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. हृदयाचा ठोका एकदम जोरात पडतो. हेच काळजात धस्स होणं. डोळे विस्फारतात, भुवया वर जातात, तोंड उघडं पडतं, हात आपोआप तोंडावर किंवा छातीवर जातो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांना एक प्रश्नावली पाठवली होती. तिच्यातला पहिलाच प्रश्न होता की तुमच्याकडची माणसं आश्चर्याने डोळे आणि तोंड मोठं उघडतात का, भुवया उंचावतात का. उत्तरं बहुतेक सगळीकडून 'हो' अशीच आली. हा चेहरा कोणी शिकवावा लागत नाही.

काही जणांत याच्या उलट होतं. ठोके मंदावतात, रक्तदाब पडतो, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस कोसळतो. हातपाय गळणं आणि चक्कर येणं ते हेच. आडवं केलं की ही अवस्था मिनिटभरात सुधारते. काही जण भराभर श्वास घेऊ लागतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. घरचे घाबरून म्हणतात, "हिला झटका आला." तो झटका नसतो.

आणि काही जण नुसते थिजतात. ना ओरडणं, ना रडणं. संकटात जागच्या जागी गोठून जाणं ही पळणं किंवा लढणं यांच्याइतकीच जुनी, उपजत प्रतिक्रिया आहे. न रडणाऱ्या सुनेचं बहुधा हेच झालेलं असतं.

मन 'नाही' का म्हणतं?

शरीर धक्का झेलत असताना मन वेगळंच काम करत असतं. ते बातमी नाकारतं.

मी पाहिलेली काही माणसं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. फोन ठेवल्यावर एका वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "नंबर कोणता सांगितला? त्याच्या पलटणीत त्या नावाचे दोघं आहेत." ते स्वतः फौजेतून निवृत्त झालेले होते. नाव चुकू शकतं, पण आर्मी नंबर चुकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पुढचे दोन तास ते तो नंबर जुळवत राहिले. एक पत्नी सगळ्यांना समजावत होती, "त्यांची सुट्टी मंजूर झालीय. तिकीटसुद्धा काढलंय." एका आईने बातमी ऐकली, "बरं" म्हणाली आणि निवडायला घेतलेले तांदूळ पुन्हा निवडू लागली. ताटातला शेवटचा खडा काढून झाल्यावरच ती उठली. एका बहिणीला हसू आलं आणि ते थांबेना. नातेवाइकांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिली.

यातलं कोणीही वेडं नव्हतं आणि निष्ठुर तर नव्हतंच.

आपला मेंदू सदोदित पुढचा अंदाज बांधत असतो. रविवारी रात्री त्याचा फोन येणार, गणपतीला तो सुट्टीवर येणार, धाकटीच्या लग्नात तो पुढे असणार. अशा शेकडो अंदाजांवर घर उभं असतं. 'तो गेला' हे एक वाक्य त्यातला प्रत्येक अंदाज खोटा ठरवतं. इतकी मोठी दुरुस्ती मेंदू एका दमात करू शकत नाही. तो ती हप्त्याहप्त्याने करतो. तोवर हात ओळखीचं काम करत राहतात आणि तोंड ओळखीची वाक्यं बोलत राहतं. हसू येणं म्हणजे ताण कसाही बाहेर पडणं. त्याचा आनंदाशी संबंध नसतो.

म्हणून मी घरच्यांना सांगतो की हा अविश्वास म्हणजे आजार नाही. मनाने मागून घेतलेली ती सवड आहे. सवडीने पचवलेली बातमी माणूस सोसतो. ती सवड हिसकावून घेऊ नका.

रणांगणावरचा तोच चेहरा

जी प्रतिक्रिया घरी बसलेल्या आईची होते, तीच बंदूक हातात असलेल्या तिच्या मुलाचीही होऊ शकते. हे कळायला जगाला फार किंमत मोजावी लागली.

१९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिगत लिहिली. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची दृष्टी, वास, चव आणि स्मरणशक्ती यांच्यावर परिणाम झाला होता. 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकाच्या पानांवर आला तो या लेखामुळे. पण बऱ्याच वरिष्ठांच्या लेखी तो शुद्ध भित्रेपणाच होता. पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांतले कित्येक मानसिक धक्क्याने खचलेले असावेत, असं आज मानलं जातं. अशा ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी, माफी दिली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, टॉम ली हा अमेरिकन चित्रकार पॅसिफिकमधल्या पेलेलिऊ बेटावरच्या लढाईत सैनिकांबरोबर होता. त्याने एका सैनिकाचा चेहरा रंगवला. डोळे उघडे आहेत, पण ते समोरचं काही पाहत नाहीत. दोन हजार यार्डांवर लागलेली नजर, असं त्या चित्राचं नाव आहे. आपल्याकडे म्हणतात, "शून्यात बघत बसलाय." गोष्ट तीच.

या अनुभवातून सैन्यांची वैद्यकीय खाती एक गोष्ट शिकली. अशा जवानाला शक्यतो आघाडीजवळच ठेवायचं, लगेच विश्रांती, जेवण आणि झोप द्यायची आणि 'तू बरा होणार आहेस' हे ठामपणे सांगायचं. बरेचजण तेवढ्यानेच सावरतात. धीराची आणि विश्रांतीची हीच गरज घरच्या माणसालाही असते.

मायेपोटी होणाऱ्या चार चुका

पहिली : खोटं सांगणं. पूर्वी, १९६५ किंवा १९७१ च्या युद्धात, बहुतेक जवानांवर आघाडीच्या जवळच अंत्यसंस्कार होत आणि घरी तार येई. १९९९ च्या कारगिल युद्धापासून पार्थिव गावी आणण्याची पद्धत रूढ झाली. बातमी आणि पार्थिव यांच्यात आता एक-दोन दिवस जातात. त्या काळात पुरुषमंडळींना सगळं माहीत असतं आणि बायकांना सांगितलेलं असतं, "जखमी आहे, दवाखान्यात आहे." इकडे गल्ली झाडली जाते, मांडवाचे बांबू येतात, टीव्हीची केबल काढून टाकतात, मोबाइल लपवतात. तिला हे दिसत नाही असं तुम्हाला वाटतं? शेजारच्या घरांत चूल पेटलेली नाही, हे तिच्या पहिल्यांदा लक्षात येतं. मग दोन दिवस ती तुमच्या चेहऱ्यांवर उत्तर शोधत राहते. पुढे तिला मृत्यूइतकाच तो लपवालपवीचा काळही डाचतो. आपल्याच माणसाबद्दल आपल्यालाच शेवटी सांगितलं, हे ती विसरत नाही.

दुसरी : रडवणं. छातीवर हात मारून, फोटो पुढे धरून, लेकराला मांडीत टाकून माणसाला रडवू नका. रडू यायचं तेव्हा येतं. रडला नाही तो मनातून मोडतो, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. कमी रडणारी माणसंही सावरतात. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावून मन मोकळं करून घेण्याची पद्धत परदेशात बरीच वापरली गेली. तिचीही नीट तपासणी झाली. तिने पुढचा मानसिक आजार टळत नाही, असंच दिसून आलं.

तिसरी : झोपेचं इंजेक्शन. डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधं एकाच गटातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, अशा आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात मोठ्या माणसांना ताणाच्या लक्षणांसाठी किंवा झोपेसाठी ही औषधं देऊ नयेत. त्यांनी मन सावरायला मदत होत नाही आणि सवय मात्र लागू शकते. शिवाय एक साधी गोष्ट बघा. पार्थिव आलं, मानवंदना झाली, अग्नी दिला आणि पत्नी औषधाच्या गुंगीत होती. तो निरोप तिला पुन्हा कधीच मिळणार नाही. (आधीपासून अशी गोळी चालू असेल, तर ती मनाने एकदम बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

चौथी : कॅमेरा. धक्क्यातलं माणूस आपला चेहरा आवरू शकत नाही. त्या क्षणाचा व्हिडिओ गावभर फिरवणं, "आता तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारत माइक पुढे करणं, हे त्या माणसावर होणारं दुसरं आक्रमण आहे. अशा वेळी बातमी सांगणाऱ्याचे शब्द विसरले जातात, पण डोळ्यांवर पडलेला प्रकाशाचा झोत वर्षानुवर्षं आठवत राहतो. गावच्या पोरांनी दाराशी उभं राहून एवढं एक काम केलं तरी पुष्कळ.

मग करायचं काय?

संकटात सापडलेल्या माणसाला कसा आधार द्यावा, याची जागतिक आरोग्य संघटनेची २०११ सालची एक पुस्तिका आहे. तिचं सार तीन शब्दांत येतं : पाहा, ऐका, जोडून द्या. आपल्या घरांच्या भाषेत मी ते असं सांगतो.

• बातमी नीट सांगा. खाली बसवा. जवळचं, विश्वासाचं माणूस शेजारी असू द्या. आधी म्हणा, "वाईट बातमी आहे." एक श्वास थांबा. मग सरळ शब्दांत सांगा की तो गेला. 'काहीतरी झालंय', 'परिस्थिती गंभीर आहे' अशा शब्दांना आशा चिकटून राहते.

• पुन्हा पुन्हा सांगायची तयारी ठेवा. ती एकच प्रश्न दहादा विचारेल. दहाही वेळा तेच खरं उत्तर द्या. "सांगितलं ना आत्ता" असं म्हणू नका. फोन नंबर, कागदपत्रं, अधिकाऱ्यांची नावं हे सगळं दुसऱ्या कोणीतरी लिहून घ्यावं.

• शेजारी बसा. बोललंच पाहिजे असं नाही. 'देशासाठी गेला, रडू नको' असं म्हणू नका. अभिमान आणि दुःख दोन्ही एकाच घरात राहू शकतात. एकाने दुसऱ्याला हुसकावायचं कारण नाही.

• औषधांची जबाबदारी एकाकडे द्या. हे मी फार कळकळीने सांगतो. घरात चूल पेटत नाही आणि वडिलांची रक्तदाबाची, आईची साखरेची गोळी तीन-तीन दिवस राहून जाते. किंवा उपाशीपोटी इन्सुलिन घेतलं जातं आणि साखर धोकादायकरीत्या घसरते. शेजारच्या एका माणसाने वेळेवर गोळ्या, पाणी आणि पातळ भात एवढंच पाहावं. इन्सुलिनच्या डोसबद्दल डॉक्टरांना फोन करावा.

• अंगावर पिणारं बाळ असेल तर धक्क्याने दूध उतरायला वेळ लागू शकतो. दूध 'आटलं' असं ठरवून बाळाला तोडू नका. पाजत राहिलं की बहुतेक वेळा ते पुन्हा उतरतं.

• मुलांना सांगा. लहान मूल ऐकतं आणि पुन्हा खेळायला जातं. त्याचीही ती सवडच आहे. "पप्पा झोपलेत" असं सांगू नका. मग ते झोपायलाच घाबरतं.

• चक्कर आली तर सपाट झोपवा, पाय उंच करा, गर्दी मागे हटवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची गरज नसते. दातखिळी बसली म्हणून चमचा घालून दात उघडू नका. त्याने दात मोडतात आणि जीभ फाटते.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

छातीत दुखणं, दम लागणं, दरदरून घाम सुटणं यांतलं काहीही झालं तर 'दुःखाने होतंय' म्हणून थांबू नका. ईसीजी काढाच. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखरच वाढतो. शिवाय 'ताकोत्सुबो' नावाचा एक आजार आहे. १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी तो प्रथम नोंदवला. तीव्र भावनिक धक्क्याने हृदयाचा एक भाग फुग्यासारखा फुगतो आणि त्याचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त आढळतो. ईसीजी अगदी हार्ट ॲटॅकसारखा दिसतो, पण अँजिओग्राफीत त्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात आणि हे निदान घरी बसून होत नाही.

दोन मिनिटांत शुद्ध न येणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, "मलाही जायचंय" अशी भाषा, किंवा दिवसभर पाण्याचा घोटही न घेणं, यांतही वाट पाहू नका.

पेटी उघडत नाहीत तेव्हा

कधी कधी पार्थिवाची अवस्था अशी असते की पेटी उघडता येत नाही. मग पुढे कित्येक महिने एक प्रश्न मागे लागतो, "आत तोच होता कशावरून?" हा हट्ट नाही. डोळ्यांनी पाहिलेलं नसलं की मन दुरुस्ती करायला तयार होत नाही. अशा वेळी त्याच्या पलटणीतल्या, त्या वेळी तिथे असलेल्या सोबत्याने शांतपणे बसून काय घडलं ते सांगणं फार मोलाचं ठरतं. त्याचं घड्याळ, टोपी, पाकीट हातात देणंही. पाहणं शक्य असेल, तर आधी काय दिसेल ते सांगा आणि पाहायचं की नाही हे पत्नीला, आईला ठरवू द्या.

जिथे पार्थिवच येत नाही, तिथलं दुःख आणखी निराळं असतं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात केला आणि त्या अवस्थेला 'संदिग्ध वियोग' अशा अर्थाचं नाव दिलं. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आपल्या ५४ जणांच्या घरांनी हेच भोगलं. कपाळावरचं कुंकू ठेवायचं की नाही, श्राद्ध घालायचं की नाही. अशा घरांना "आता मान्य करा" असं सांगायचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही.

तेराव्यानंतर

सुन्नपणा बहुधा काही तासांत किंवा दिवसांत ओसरू लागतो. झोप न लागणं, दचकणं, सारखं तेच डोळ्यांसमोर येणं हे पहिला महिनाभर चालू शकतं. महिना उलटूनही ते तसंच राहिलं, माणूस त्या आठवणीपासून पळू लागला, सतत सावध राहू लागला, तर तो आघातोत्तर तणावविकार असू शकतो. सुट्टीवर आलेला जवान दिवाळीच्या फटाक्याला जमिनीवर झोपतो, रात्री ओरडत उठतो, कॅन्टीनच्या रमशिवाय त्याला झोप येत नाही, तेव्हा त्याला हसू नका आणि 'फौजी असून घाबरतो' असं म्हणू नका. यावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही उपलब्ध आहेत, आणि त्यांचा गुण येतो. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. सैन्यदलांतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा विशेष कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे.

शेवटी एकच सांगायचं आहे. पहिल्या तीन दिवसांत त्या घरी पाय ठेवायला जागा नसते. मंत्री, अधिकारी, पाहुणे, सगळे येतात. पण तेव्हा ती सुन्न असते. कोण आलं, कोण गेलं, तिला धड आठवतही नाही. तेरावं होतं, गाड्या निघून जातात, फ्लेक्स उतरतात. मग एखाद्या दुपारी, कपाटात त्याचा इस्त्रीचा शर्ट हाताला लागतो आणि मनाने इतके दिवस अडवून धरलेली बातमी खऱ्या अर्थाने तेव्हा पोचते. त्या दुपारी घरात बहुधा कोणी नसतं.

तुम्हाला खरंच मदत करायची असेल, तर दुसऱ्या महिन्यात जा. चौथ्या महिन्यात जा. पहिल्या गणपतीला, पहिल्या दिवाळीला जा. त्याचं नाव घ्यायला घाबरू नका. ती रडली तर रडू द्या आणि नाही रडली तर चहा घेऊन गप्पा मारा. तिला गरज असते ती अशा माणसांची.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)